खेळांतील हूल



फार वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळेच्या मैदानावर मुलांचा खो-खोचा सराव चालला होता आणि एका विद्यार्थ्याचे वडील कुंपणाशीं उभे राहून तो पाहत होते. खेळ संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, वर्गांत आपण मुलांना खरें बोलावें म्हणून शिकवतां आणि येथें मैदानावर हूल कशी द्यावी तें शिकवतां. मुलानें यांतलें कोणतें घरीं आणावें?" प्रश्न विनोदानें विचारलेला नव्हता. मीं कांहींतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. त्या उत्तरानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. आतां निवृत्त होऊन कोथरूडास स्वस्थ बसलों असतां तो प्रश्न अनेकदां आठवतो. आज त्याचें उत्तर द्यावें असा विचार आहे. त्यासाठीं प्रथम खेळांतील अनपेक्षित चाल म्हणजे काय, ती कशी घडते आणि तिची किंमत काय पडते, हें पाहिलें पाहिजे.

खो-खो हा आपल्या महाराष्ट्राचा जुना खेळ. त्याचे नियम प्रथम बांधले गेले ते पुण्यांतच. १९१४ सालीं डेक्कन जिमखान्यानें तें काम हातीं घेतलें. पुढें खेळ देशभर पसरला आणि १९५९-६० सालीं विजयवाडा येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. तरी ज्या दोन-तीन नियमांवर हूल उभी आहे, ते पुन्हा एकदां ध्यानांत घेऊं.

पुरुषांचें मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतें. दोन खांबांमधल्या मध्यपाटीवर पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी बसतात. एकाचें तोंड पूर्वेकडे, तर शेजारच्याचें पश्चिमेकडे. नववा गडी पाठलाग करतो. ह्या नवव्या गड्याच्या पायांत नियमांनीं जणूं बेड्याच घातल्या आहेत. त्याला मध्यपाटी ओलांडतां येत नाहीं. एकदां दिशा घेतली कीं खांब गाठीपर्यंत मागें वळतां येत नाहीं. पलीकडच्या बाजूस गेलेल्या गड्याला पकडावयाचें असेल तर स्वतः न जातां बसलेल्या सोबत्याला पाठीमागून स्पर्श करून 'खो' द्यावा लागतो आणि आपण त्याच्या जागीं बसावें लागतें. पळणाऱ्या गड्याला यांपैकीं कोणतेंहि बंधन नाहीं. तो हवा तेव्हां वळेल, हवा तेथून पाटी ओलांडेल. बसलेल्या गड्यांस स्पर्श करूं नये आणि मैदानाबाहेर जाऊं नये, इतकेंच त्यानें सांभाळावयाचें.

आतां एक साधा हिशेब पाहा. पाठलाग करणारा पूर्वेच्या बाजूनें धांवत असेल तर ज्यांची पाठ पूर्वेकडे आहे अशा गड्यांनाच तो खो देऊं शकतो. असे गडी आठांपैकीं चारच असतात, आणि ते कोणते हें पळणाऱ्यालाहि स्पष्ट दिसत असतें. म्हणजे या खेळांत कांहींच झांकलेलें नाहीं. कोण उठूं शकेल हें ठाऊक, तो कोणत्या बाजूस उठेल हेंहि ठाऊक. मग हूल राहते कोठें? ती राहते केवळ वेळेंत. चौघांपैकीं कोण आणि कोणत्या क्षणीं, एवढीच एक गोष्ट पाठलाग करणाऱ्याच्या मुठींत असते.

समजा, पळणारा गडी चौथ्या गड्याजवळ रेंगाळत उभा आहे. पाठलाग करणारा जवळ आला कीं तो फटींतून पश्चिमेकडे निसटणार आणि चौथ्याला खो मिळाला कीं पुन्हा पूर्वेकडे परतणार, असा त्याचा बेत. साधा गडी चौथ्यालाच खो देईल आणि पळणाऱ्याचा बेत तडीस जाईल. कसलेला गडी चौथ्याजवळ हात खालीं आणील, त्याची गति क्षणभर मंदावेल, आणि खो न देतांच तो तसाच पुढें जाऊन सहाव्याला खो देईल. सहावा उठतो तो पळणाऱ्याच्या समोरच. ज्या वाटेनें तो निर्धास्तपणें निघाला होता त्याच वाटेवर त्याला प्रतिपक्षाचा गडी भेटतो. ही झाली हूल. तिच्यासाठीं एकहि नियम मोडलेला नाहीं. केवळ अपेक्षा मोडली आहे.

हीच गोष्ट उलट बाजूनेंहि घडते. पळणारा खांबाकडे धांवतो, पाठलाग करणारा त्याच्या मागोमाग येतो, आणि खांबाशीं पळणारा खांदा एका बाजूस टाकून दुसऱ्या बाजूस निघतो. त्यावर पाठलाग करणाऱ्याचा उपाय म्हणजे खांबावरची झेंप. एका हातानें खांब धरून तो सारें शरीर पुढें झोकून देतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनीं निसटत्या गड्याला शिवतो. हात पोंचला तर गडी बाद. न पोंचला तर स्वतः जमिनीवर, आणि पुन्हा उठून पाठलाग सुरू करीपर्यंत अमूल्य सेकंद वायां गेलेले. पाळी असते अवघ्या नऊ मिनिटांची. सेकंदांचा असा व्यय कोणत्याहि संघास परवडत नाहीं.

हूल अंगावर घेणारा गडी एकच दिसतो. पण ती शक्य करणारे दुसरेच असतात. म्हणून संघनायकाची खरी परीक्षा शिट्टी होण्यापूर्वींच झालेली असते. पळणाऱ्या संघाचे नऊ गडी तिघातिघांच्या तुकड्यांनीं मैदानांत उतरतात. पहिल्या तुकडींत सर्वांत चिवट गडी घालून निम्मीअधिक पाळी खाऊन टाकावी, कीं एखादा हुकमी गडी मागें ठेवून शेवटच्या मिनिटांची बेगमी करावी, हा विचार नायकानें करावयाचा. पाठलागाच्या पाळींतहि तसेंच. खांबांलगतच्या जागीं लांब हाताचे आणि झेंप घेणारे गडी बसवतात. मधल्या जागीं खो मिळतांच विजेसारखे उठणारे. एखादा गडी सबंध पाळींत चार-पांच वेळांच उठत असेल. पण ज्या क्षणीं तो उठतो, त्या क्षणीं सारा सामना त्याच्या हातीं असतो. उरलेला वेळ त्याचें काम म्हणजे न हलतां बसणें.

हें न हलतां बसणें किती अवघड आहे, तें मला माझ्याच एका चुकीनें शिकवलें. एका आंतरशालेय सामन्याच्या दिवशीं सकाळीं, चौथ्याऐवजीं सहाव्याला खो देण्याची वर सांगितलेली चाल मीं मुलांना शिकवली. प्रतिपक्षाचा एक गडी नेहमीं चौथ्यापाशींच निसटतो, हें मीं हेरून ठेवलें होतें. चाल कागदावर निर्दोष होती. शेवटच्या पाळींत योग्य तो क्षण आला. आमचा गडी चौथ्याला टाकून पुढें निघाला, आणि सहाव्या जागीं बसलेला मुलगा खो मिळण्यापूर्वींच उठला! खो न मिळतां उठणें हा नियमभंग. पंचांची शिट्टी झाली, आमच्या गड्याला उलट दिशा घ्यावी लागली आणि पळणारा हंसत निसटला. सामना एका गड्यानें गेला. मुलगा रडत होता. पण दोष त्याचा नव्हता. जी गोष्ट महिनाभर घोटवून घ्यावयाची ती मीं त्याला चार तासांत दिली होती. त्याला ती गुपित म्हणून ठाऊक होती, संवय म्हणून नव्हे. आणि गुपित अंगांत मावत नाहीं, तें बाहेर पडूं पाहतें. पुढें विचार करतां ध्यानांत आलें कीं तो मुलगा त्या पाळीच्या आरंभापासूनच पुढें झुकून बसला होता.

अनपेक्षित चालीचें हें रहस्य केवळ आपल्याच खेळापुरतें आहे असें मात्र नाहीं. आमच्या कोथरुडांत अशीं कितीतरी घरें आहेत, कीं ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकतात. सुट्टींत आलेलीं हीं मुलें तेथील महाविद्यालयीन फुटबॉलच्या गोष्टी सांगूं लागलीं म्हणजे वडील मंडळींस कांहीं उमगत नाहीं. कारण त्या खेळाला फुटबॉल म्हणत असले तरी चेंडू बहुतेक हातांतच असतो. त्यांतील एक चाल मात्र खो-खो जाणणाऱ्यास चटकन समजावी अशी आहे. ती आपणांस सांगतों.

त्या खेळांत अकरा-अकरा गडी असतात आणि चेंडू लांबट, दोन्हीं टोकांस निमुळता असतो. ज्याच्या हातीं चेंडू तो संघ पुढें सरकण्याची खटपट करतो, दुसरा त्याला अडवतो. गुण मिळवल्यानंतर त्या संघानें चेंडू लाथाडून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावयाचा, अशी रीत आहे. लाथ आपल्या बाजूच्या ३५ यार्डांच्या रेषेवरून मारतात. साधारणतः ती जितकी लांब जाईल तितकी चांगली. कारण मग प्रतिपक्षाला दुरून आरंभ करावा लागतो. परंतु नियमांत एक फट आहे. चेंडू १० यार्ड पुढें गेला कीं लाथ मारणाऱ्या संघानेंहि तो धरावयास हरकत नाहीं. म्हणून कधीं कधीं मुद्दाम आंखूड लाथ मारून चेंडू पुन्हा आपणच हस्तगत करण्याचा प्रयत्न करतात. हिला ऑनसाइड किक म्हणतात. सामना संपत आला असून संघ पिछाडीवर असेल तर सारेच तिची वाट पाहतात आणि बहुधा ती फसते. पण कोणाच्या ध्यानींमनीं नसतां मारलेली अशी लाथ पुष्कळदां साधते. न साधली तर मात्र प्रतिपक्षाला सुमारें तीस यार्डांची जमीन फुकट मिळते. खांबावरची झेंप हुकल्यावर होतें तसेंच हें नुकसान.

याचें प्रसिद्ध उदाहरण ११ जानेवारी २०१६ या दिवशीं ॲरिझोना राज्यांतील ग्लेनडेल येथें घडलें. महाविद्यालयीन अजिंक्यपदासाठीं अ‍ॅलाबामा आणि क्लेम्सन या दोन विद्यापीठांचा अंतिम सामना चालला होता. शेवटच्या सत्राचीं साडेदहा मिनिटें उरलीं असतां अ‍ॅलाबामानें २४-२४ अशी बरोबरी साधली. आतां लांब लाथ मारली जाणार, याविषयीं कोणासच शंका नव्हती. परंतु अ‍ॅलाबामाचे मार्गदर्शक निक सेबन यांच्या मंडळींनीं एक गोष्ट हेरली होती. लाथ झेलण्यास उभे राहतांना क्लेम्सनचे गडी एका बाजूस दाटीनें उभे राहत आणि दुसरी बाजू मोकळी पडे. अ‍ॅडम ग्रिफिथ यानें त्या मोकळ्या बाजूकडे चेंडू अलगद उंच उडवला; मार्लन हम्फ्री धांवत गेला आणि त्यानें तो वरच्या वर झेलला. चेंडू पुन्हा अ‍ॅलाबामाकडे आला. पुढच्या दोन चालींतच त्यांनीं आघाडी घेतली आणि अखेर ४५-४० असा सामना जिंकला.

ही लाथ मारणारे, झेलणारे, अडवणारे गडी त्या वेळीं चढाईच्या तुकडीचेहि नसतात आणि बचावाच्या तुकडीचेहि नसतात. लाथेच्या प्रसंगापुरती त्यांची वेगळी तुकडी असते. तिला तिकडे स्पेशल टीम्स म्हणतात. सामन्यांत तिच्या वाट्यास येणारे क्षण थोडे, प्रेक्षकांचें लक्षहि तिच्याकडे कमीच. पण त्याच सामन्यांत पुढें केन्यन ड्रेक यानें क्लेम्सनची लाथ झेलून ९५ यार्ड धांव घेतली आणि गुण मिळवले, तेंहि या तुकडीचेंच काम. खांबालगत मुकाट बसलेल्या आपल्या गड्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. आणखी एक गोष्ट. अ‍ॅलाबामाच्या तुकडीनें ही चाल सराव करून तयार ठेवली होती. ती त्या दिवशीं सकाळीं शिकवलेली नव्हती. जें मला जमलें नाहीं, तें त्यांना जमलें तें याच कारणानें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ही फसवणूक आहे काय? माझें उत्तर असें कीं, खेळानेंच याचा निवाडा करून ठेवला आहे, आणि तो फार सुंदर आहे. खो-खोंत शरीरानें हूल द्यावयास मोकळीक आहे. हात खालीं आणून तो उचलून घ्यावा, खांदा टाकावा, गति मंद करावी. पण 'खो' हा शब्द खोटा उच्चारतां येत नाहीं. स्पर्श केल्यावांचून उच्चारलेला खो हा नियमभंग होय. बसलेला गडी शब्दाची वाट न पाहतां उठला तर तोहि नियमभंग होय. अमेरिकेच्या खेळांतहि अशीच एक खूण आहे. उंच आलेला चेंडू झेलणाऱ्या गड्यानें हात डोक्यावर हलवला तर त्याचा अर्थ, 'मला निर्वेध झेलूं द्या, मी पुढें धांवणार नाहीं' असा होतो. मग प्रतिपक्षानें त्याला झेलतांना अडवावयाचें नाहीं आणि त्यानेंहि चेंडू घेऊन धांवावयाचें नाहीं. हात हलवून मग धांवणाऱ्याला शिक्षा आहे. म्हणजे दोन्हींकडे सीमारेषा एकच. अपेक्षा मोडावी, वचन मोडूं नये.

ज्याला आपण फसलों असें वाटतें, त्याला खेळाचे सर्व नियम ठाऊक असतात आणि तोहि पुढच्या क्षणीं हूल देणारच असतो. बाजारांत माप मारणाऱ्या वाण्याकडून आपण फसतों, तेव्हां आपणांस तसा करार केल्याचें ठाऊक नसतें. मैदानांत उतरतांना मात्र दोघांनींहि तो केलेला असतो. म्हणूनच हूल खाऊन बाद झालेला गडी, चांगला असेल तर, रागावत नाहीं. मनांत दाद देऊन बाहेर जातो.

आणि ज्या बंधनांमुळें पाठलाग करणारा अडखळतो, त्यांच्याच पोटीं हूल जन्म घेते. या दृष्टीनें अलीकडचे कांहीं फेरफार विचार करण्यासारखे आहेत. २०२२ सालीं आपल्या पुण्यांत बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुलांत अल्टिमेट खो-खो नांवाची नवी स्पर्धा झाली. तींत सात-सात गडी, सात मिनिटांच्या पाळ्या, आणि 'वजीर' म्हणून एक विशेष गडी होता, ज्याला दिशेचें बंधन नव्हतें. झेंप घेऊन बाद केल्यास अधिक गुण होते. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यांत ओडिशा जगरनॉट्सनें तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा एका गुणानें विजय मिळवला, तो सूरज लांडे याच्या झेंपेच्या बळावर. पुढें जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनीं नेपाळचा ५४-३६ असा आणि महिलांनीं नेपाळचाच ७८-४० असा पराभव केला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेहि कर्णधार महाराष्ट्राचे. नवा खेळ वेगवान आहे, तरुणांना आवडतो, आणि त्यानें खो-खोला घरोघरच्या पडद्यावर आणलें, याचा मला आनंद आहे.

तथापि माझ्यासारख्या जुन्या माणसाला वाटतें, तें सांगतों. ज्याला कोणत्याहि दिशेला जातां येतें, त्याला हूल देण्याची गरज उरत नाहीं. त्याचे पाय जलद असले म्हणजे पुरे. वजीर एखाददुसरा असावा, खुशाल असावा. पण सारेच वजीर झाले तर खो-खो उरणार नाहीं, शिवाशिवी उरेल. अमेरिकेंत याचें दुसरें टोक पाहावयास मिळतें. तेथील व्यावसायिक संघांच्या लीगनें २०२४ सालीं असा नियम केला कीं, ऑनसाइड किक पिछाडीवरच्या संघानेंच मारावी आणि तीहि आधीं जाहीर करून. जाहीर केलेली हूल ही हूल कसली? लाथेच्या वेळीं होणाऱ्या दुखापती कमी व्हाव्या म्हणून ही सारी रचना बदलली. तो हेतु चांगला आहे, आणि गड्याचें हाडमांस कोणत्याहि चालीपेक्षां मोलाचें आहे, हें मी मान्य करतों. पण महाविद्यालयीन खेळांत ती अनपेक्षित लाथ अद्याप शिल्लक आहे, याचें मला बरें वाटतें. तरुणपणीं मनुष्यानें एकदां तरी, सर्वांच्या डोळ्यांदेखत आणि नियमांच्या आंत राहून, कोणाच्या स्वप्नींहि नाहीं असें कांहीं करून पाहावें.

त्या पालकांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाहीं. आज ते भेटले तर मी म्हणेन, "मुलानें दोन्हीं घरीं आणावें. दिलेला शब्द खोटा करूं नये, हें वर्गानें शिकवलें आणि मैदानानेंहि शिकवलें. मैदानानें त्यांत एवढीच भर घातली, कीं पुढचें पाऊल कोणतें हें दर वेळीं जगाला आधीं सांगितलेंच पाहिजे असें नाहीं. आणि तें पाऊल साधावयाचें असेल तर कित्येक दिवस, कोणी पाहत नसतां, निमूटपणें बसावयास शिकलें पाहिजे." खो मिळण्यापूर्वीं उठलेला तो माझा विद्यार्थी पुढच्या वर्षीं त्याच सहाव्या जागीं बसला. त्या वर्षीं ती चाल आम्हीं सबंध हंगाम घोटली. सामन्यांत ती वापरण्याची वेळ एकदांच आली, आणि त्या वेळीं तो खो मिळाल्यावर उठला.